नात्याचा रकाना

आमच्या बाई ई-मेल पाठवत नसत, आवतण देत. हा फरक मला उशिरा कळला, आणि तोवर मी त्यांच्याशी भरपूर भांडून घेतलं.

घोडेगावात आमच्या संस्थेचं मुलींचं होस्टेल आहे. डिंभे धरणाच्या वर, भीमाशंकरच्या बाजूला डोंगरात ज्या वाड्या आहेत, तिथल्या पोरी सातवीनंतर शिकायला खाली येतात आणि आमच्याकडे राहतात. बाई स्वतः तिकडच्याच. आयुष्यभर त्यांनी त्या वाड्यांवरच्या शाळांत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर हे होस्टेल उभं केलं. मी जुन्नरच्या पूर्वेची, आणे पठारावरची. आमच्याकडे पाणी कमी आणि जिभा तिखट, असं बाई मला येता-जाता ऐकवत. वेबसाइट, फोटो, सरकारी पोर्टल, पत्रव्यवहार, म्हणजे ज्याला ज्याला पासवर्ड लागतो ते सगळं माझ्याकडे होतं.

पुण्या-मुंबईत संस्थेला जोडलेली माणसं पुष्कळ. कोणी एखाद्या मुलीचा खर्च उचलतं, कोणी सुट्टीत येऊन इंग्रजी शिकवतं, कोणी कधीतरी प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर नाचणीचे लाडू घेतले आणि ई-मेल देऊन गेलं. बाईंच्या लेखी ही सगळी सारखीच, आपली माणसं. त्यांना पत्र कसं जायचं, तर एकच ई-मेल, आणि वरच्या चौकटीत सगळ्यांचे पत्ते उघडे, तेही वयाच्या मानाने. वडीलधारा पत्ता पहिला, परवा नोकरीला लागलेला शेवटचा. पत्ते झाकून पाठवायची सोय असते, हे मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

"झाकून कशापायी?" बाई म्हणाल्या. "पंगतीला कोन कोन हाये ते दिसू नये व्हय? आपन काय चोरून जेवाय घालतोय?"

मग व्हायचं ते झालं. मंचरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी फोन करून विचारलं की धाकट्या मेव्हण्याचा पत्ता त्यांच्या आधी कसा काय. बाईंनी त्यांची जन्मतारीख विचारून घेतली आणि पुढच्या पत्रात क्रम सुधारला. एका नवरात्रात कोणीतरी सगळ्यांना शुभेच्छा धाडल्या, त्यावर सगळ्यांनी सगळ्यांना धाडल्या, आणि दसरा उलटून गेला तरी ते थांबेना. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. माणसं एकमेकांशी बोलतायत, बोलू दे की, असं त्यांचं म्हणणं. मी दातओठ खात होते.

शेवटी एक दिवस मेलवाल्यांनीच आमचं खातं गोठवलं. एका खात्यावरून एकदम इतक्या जणांना पत्रं धाडणारा माणूस त्यांच्या लेखी भामटाच असतो. आणि हे घडलं ते नेमकं नको त्या आठवड्यात.

बारावी सायन्स झालेल्या आमच्या एका पोरीचा पुण्यात नर्सिंगला नंबर लागला होता. ती तळेघरच्या पलीकडची, भात-नाचणी पिकवणाऱ्या घरातली. होस्टेलात कोणाला ताप आला की हीच उशाशी बसायची, आणि मी डोकं दुखतंय म्हटलं तर माझ्या हातातला मोबाइल काढून घ्यायची. कॉलेजचं होस्टेल पाडून नवं बांधायला काढलं होतं, त्यामुळे पहिलं वर्ष बाहेर राहायचं होतं. सोमवारी हजर होताना पुण्यातल्या स्थानिक पालकाची सही न्यायची होती. सही नसली तर जागा पुढच्या नंबराला जाणार.

तिचा बाप वरून खाली आला. भात पोटरीत आलं होतं, रात्रभर रानडुकरांपासून राखण करून त्याचे डोळे लाल झाले होते. खुर्ची दिली तरी तो दाराशी उकिडवाच बसला.

"भाड्याच्या खोलीत न्हाई ठेवायची," तो बाईंना म्हणाला. "घर पायजे. आन त्या घरातल्या बाईचं तोंड मी सोता बघनार. न्हाईतर ऱ्हाऊ द्या. भात काढाया एक हात वाढंल."

तो रागाने बोलत नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. पोरगी आतल्या दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि पाणी आणायला निघून गेली.

पुण्यातल्या आपल्या माणसांना विचारायचं, हे बाईंचं लगेच ठरलं. व्हॉट्सॲपचा एक ग्रुप होता, पण तो रोज सकाळी येणाऱ्या गुलाबांखाली कधीच गाडला गेला होता. एकेकाला फोन लावायचे तर निम्म्यांचे नंबरच नव्हते. पोरीची अडचण आणि बापाची अट सांगणारं पत्रच जायला हवं होतं, आणि आमचं पोस्ट बंद पडलेलं.

घाऊक पत्रं पाठवणं हाच धंदा असलेल्या कंपन्या असतात. आपण त्यांना यादी आणि मजकूर द्यायचा, त्या प्रत्येकाला ज्याचं त्याचं वेगळं पत्र पोचवतात. आमच्यासारख्या संस्थांना त्या सवलतही देतात. मी एक कंपनी हेरून ठेवली होती, पण बाईंपुढे विषय काढायचं धाडस होत नव्हतं. आता काढला. मला वाटलं, इतकी निकड आहे तर त्या हो म्हणतील. त्यांनी उलट विचारलं, "आपल्या मान्सांचे पत्ते परक्याच्या हाती द्यायचे? तो त्यांचं काय करंल?"

ते कंपनीच्या अटींत लिहिलेलं असतं. तसल्या अटी आपण कधी वाचतो का, खाली सरकवत नेतो आणि मान्य म्हणून मोकळे होतो. बाई समोर बसल्या होत्या म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा त्या शेवटपर्यंत वाचल्या आणि मराठीत सांगितल्या. पत्ते विकणार नाही, आपण म्हणू तेव्हा पुसून टाकू, हे ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. तिथेच मी मनातून त्यांना हात जोडले. ज्याने आपल्याला पत्ता दिला तो विश्वासाने दिला, हे आमच्या सगळ्या कारभारात फक्त त्यांच्या लक्षात होतं.

पुढे कंपनीला पुरावा हवा होता, की आम्ही म्हणजे आम्हीच. त्यांनी दिलेली काही अक्षरं आमच्या वेबसाइटच्या पत्त्याला नेऊन जोडायची होती. तो पत्ता आम्हाला आळेफाट्याच्या एकाने घेऊन दिलेला. त्याचं दुकान गॅरेजांच्या रांगेत आहे, अर्ध्यात कॉम्प्युटर आणि अर्ध्यात ट्रकमागे लावायचे स्टिकर. फोनवर तो "करतो ना ताई" म्हणतो आणि करत नाही, हे मला पाठ होतं. म्हणून एसटीने गेले, त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि काम झाल्यावरच उठले. परत आल्यावर बाईंना हे सांगितलं, तर त्या खो खो हसल्या.

"म्हंजे मेललाबी व्हॅलिडिटी लागती व्हय?"

डोंगरातल्या पोरींना व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे जात पडताळणीसाठी, पणजोबापर्यंतचे दाखले शोधावे लागतात, आणि बाईंनी त्यासाठी कितीतरी पोरींबरोबर कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. "एका दिवसात झाली? मंग ही मान्सं बरी म्हनायची," असं म्हणून त्यांनी त्या कंपनीला मनोमन पास केलं.

खरी ठिणगी पुढे पडली. अशा प्रत्येक पत्राच्या तळाशी यादीतून बाहेर पडायची एक लिंक द्यावीच लागते. ती नसेल तर कंपनी पत्र सोडतच नाही. बाई हे ऐकून उठल्या आणि खिडकीपाशी गेल्या.

"मान्साला घरी बोलवायचं आन दारावर पाटी लावायची, नको असंल तर जा म्हनून?"

"बाई, हा नियम आहे. कायद्यासारखा."

"कायदा असंल. रीत नाय."

मी आवाज चढवला. म्हटलं, तुमची रीत घेऊन बसलो तर पोरगी भात काढायला वर जाईल, चालेल? बाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि विचारलं, त्या लिंकच्या शेजारी आपले शब्द लिहिता येतात का. येतात म्हटल्यावर त्यांनी मला सांगून लिहून घेतलं. "आमची पत्रं नको असतील तर इथे टिचकी मारा. आम्ही राग मानणार नाही. घोडेगावला आलात तर चहाला मात्र यायचं." त्यानंतर मी इतर संस्थांच्या पत्रांच्या तळाशी मुद्दाम जाऊन पाहिलं आहे. सगळीकडे तीच कोरडी ओळ असते. आमची ओळ आजही तशीच आहे, मी तिला हात लावू देत नाही.

पत्र प्रत्येकाला वेगळं जाणार म्हटल्यावर वयाचा क्रम संपला, म्हणून मी सुस्कारा सोडला होता. पण ही कंपनी प्रत्येकाला नावाने मायना घालू शकते, हे मी बोलून बसले आणि बाईंचे डोळे चमकले. नुसतं नाव कसं लिहायचं, त्या म्हणाल्या, नातं लिहू. कोणाला काका, कोणाला वहिनी, कोणाला दादा. मी कपाळावर हात मारला, पण यादीत नात्याचा एक रकाना वाढवला. बाई डोळे मिटून एकेकाचं नातं सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेले. एकदाही त्या अडल्या नाहीत. समोरच्या माणसाचं वय, त्याचं घर, तो कधी आला होता, त्याची बायको काय म्हणाली होती, हे सगळं त्या मिटल्या डोळ्यांनी बघत होत्या. यंत्राला यादी लागते, आणि ह्या बाईला माणसं लागतात, असं मला त्या दिवशी वाटलं आणि रागही आला नाही.

फक्त एक झालं. बाईंनी नाती सांगितली ती त्यांच्या नेहमीच्या क्रमाने, थोरापासून धाकट्यापर्यंत. कंपनीने यादी लावून ठेवली होती ती अक्षरांच्या क्रमाने. मी नात्यांचा रकाना उचलला आणि यादीशेजारी जशाचा तसा चिकटवला. एक पत्र तपासायला म्हणून स्वतःला पाठवून पाहिलं, त्यात "प्रिय ताई" आलं. मला आळेफाट्यापासून घोडेगावपर्यंत सगळे ताईच म्हणतात. मी समाधानाने बटण दाबलं.

पहिला फोन मंचरच्या मुख्याध्यापकांचा आला. त्यांना "प्रिय सूनबाई" असं पत्र गेलं होतं.

मग रांगच लागली. सैन्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांना आम्ही मावशी केलं होतं. एका डॉक्टरीणबाई मामा झाल्या होत्या. हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा आजोबा झाला होता, त्याने उलट लिहिलं की नातवंडांना आशीर्वाद, पण आधी माझं लग्न जमवा. ताबडतोब दुसरं पत्र पाठवून माफी मागूया, म्हणून मी लिहायला घेतलं.

बाई हसून हसून खुर्चीत मागे रेलल्या होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. बोलली तर खरी सगळी. नाती लावल्यावर परत घ्यायची नसत्यात." आणि निवृत्त साहेबांनी खरोखरच उत्तराच्या शेवटी "आपली मावशी" अशी सही केली होती. इतकी उत्तरं आम्हाला आजवर कुठल्याच पत्राला आली नव्हती.

उत्तरं आली, घर मात्र येत नव्हतं. कोणाकडे जागा नव्हती, कोणी मुलाकडे परदेशी निघालं होतं. ज्यांनी देऊ केली त्यांच्या पत्रांत पुढे एक ओळ असायची. मुलीने सकाळचा स्वयंपाक बघितला तर बरं. आमच्या आईला रात्री उठवावं लागतं, तेवढं बघेल ना. भांड्याला बाई आहे, पण ती दांड्या मारते. बाई प्रत्येकाला स्वतः फोन करून, आवाजात मध ठेवून, नको म्हणत होत्या. गुरुवारी त्यांनी असं एक चांगलं, मोठं घर नाकारलं तेव्हा मी तडकले.

"थोडं काम केलं तर काय झिजते का ती?"

"घरी करती ती काम. कामाला पाठवायची तर नर्सिंग कशाला?" बाई म्हणाल्या. "बापानं बाईचं तोंड बघायला मागितलं, ते उगाच नाय मागितलं."

मी उठून बाहेर गेले. पोरगी नळाशी धुणं पिळत होती. तिने मला विचारलं, "ताई, न्हाई जमत ना?" मी जमेल म्हटलं. माझ्या तोंडावरून तिला काय ते कळलं असावं, कारण तिने पुन्हा विचारलं नाही.

शुक्रवारी एक उत्तर आलं, ते मात्र हसणारं नव्हतं. पुण्याच्या, धनकवडीच्या एका बाईंनी लिहिलं होतं, "मी कोणाची आजी नाही. माझं नाव तुमच्या यादीतून काढून टाका. पुन्हा पत्र नको." ह्या कधीतरी प्रदर्शनात भेटलेल्या, वर्षातून एकदा न चुकता देणगी पाठवायच्या, पण घोडेगावला कधी आलेल्या नव्हत्या. मी लगेच नाव काढलं. एकदा काढलं की कंपनी त्या पत्त्यावर आपल्याला पुन्हा पत्र पाठवूच देत नाही, आणि ते मला पटतं.

बाईंचं हसू मात्र पार मावळलं. "ती रुसून गेली," त्या म्हणाल्या. "रुसलेल्या मान्साच्या घरी जावं लागतं."

"बाई, तिने नको म्हटलंय. अशा माणसाला फोन करायचा नसतो, जायचं तर लांबच."

"पत्र नको म्हनली ना? पत्र नाय पाठवत."

शनिवारी सकाळी त्या धुवट नऊवारी नेसून आणि पिशवीत डोंगरातला तांदूळ घेऊन स्टँडवर उभ्या होत्या. देणगीच्या पावतीवर पत्ता होताच. त्यांना एकटं सोडवेना म्हणून मी चरफडत बरोबर निघाले. सोमवार परवावर आला असताना आम्ही घर शोधायचं सोडून एका चिडलेल्या बाईची समजूत काढायला निघालो होतो. वाकडेवाडीला उतरून धनकवडीची रिक्षा केली.

दार साखळीपुरतंच उघडलं. आत पन्नाशीच्या, कापलेल्या पांढऱ्या केसांच्या बाई होत्या.

"आम्ही घोडेगावहून आलो," आमच्या बाई म्हणाल्या. पुण्याच्या माणसाशी त्या अगदी पुस्तकातलं मराठी बोलत. "तुम्हाला आजी लिहिलं गेलं, त्याची माफी मागायला."

"त्यासाठी तिथून आलात? फोन करायचा."

"तुम्ही ठेवून दिला असता."

बाहेर उभ्या असलेल्या आम्हा दोघींकडे त्यांनी बघितलं आणि साखळी काढली. चहा केला. घर लख्ख होतं, दोन खोल्या आणि पुस्तकं. चहा निम्मा झाल्यावर त्या आपणहून बोलल्या. सरकारी नोकरी, लग्न केलं नाही. सोसायटीतले लोक काकू म्हणायला अडखळायचे, म्हणून मॅडम म्हणायचे. मग केस पिकले आणि मधलं सगळं वगळून एकदम आजी. "परवा लिफ्टमध्ये माझ्याच वयाची एक बाई तिच्या मुलाला म्हणाली, आजींना पुढे जाऊ दे. आणि घरात आले तर तुमचं पत्र."

आमच्या बाईंनी हळहळ केली नाही, समजूत काढली नाही. "मग मी तुम्हाला काय म्हणू?" एवढंच विचारलं.

त्या बाईंनी कप खाली ठेवला. "नावाने हाक मारा," त्या म्हणाल्या. "नुसत्या नावाने. तशी हाक मारणारं आता कोणी उरलं नाही."

आमच्या बाईंनी होस्टेलच्या कुत्र्यालासुद्धा कधी नुसत्या नावाने हाक मारली नव्हती, त्यालाही दादा लावत. त्यांनी जरा थांबून त्या बाईंचं नाव घेतलं. मागे ताई नाही, पुढे काही नाही. आणि ते असं घेतलं, जसं बरोबर वाढलेल्या मैत्रिणीचं घ्यावं. माझा सगळा राग तिथे गळून पडला. आपली रीत मोठी म्हणून ही बाई आठवडाभर माझ्याशी भांडली होती, आणि समोरच्या माणसाला ती टोचते म्हटल्यावर तिने ती एका क्षणात बाजूला ठेवली. मला ते जन्मात जमलं नसतं.

आता पोरीचं विचारतील म्हणून मी वाट बघत होते. मीच तोंड उघडलं, तर बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. तांदूळ देऊन त्या उठल्या.

जिन्यात मी म्हटलं, "विचारायचं होतं ना. एकटीच राहतात, दोन खोल्या आहेत."

"माफी मागाय आलो व्हतो. त्याच तोंडानं घर मागितलं असतं, तर ती म्हनली असती, यासाठीच आल्या व्हत्या."

"आणि पोरीचं काय?"

आम्ही परतीची एसटी धरली. राजगुरुनगर मागे पडेपर्यंत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "सोमवारी मी जाती तिच्याबरं. मीच सही करती म्हनती." घोडेगावची बाई पुण्याची स्थानिक पालक कशी होणार, हे त्यांनाही कळत होतं. त्या दिवशी मला त्या पहिल्यांदा थकलेल्या दिसल्या.

घोडेगावला पोचलो तर धनकवडीच्या बाईंचा मेल आलेला होता. "तुमच्या पत्रात एका मुलीबद्दल होतं. तुम्ही आज काही बोलला नाहीत, म्हणजे सोय झाली असेल. झाली नसेल तर मी उद्या येते. वडिलांना मला बघायचं असेल ना." कंपनीमार्फत त्यांना उत्तर देता येत नव्हतं, म्हणून मी माझ्या स्वतःच्या खात्यावरून एका ओळीचं उत्तर लिहिलं. या.

रविवारी त्या पहिल्या गाडीने आल्या. बापही वरून उतरला होता. होस्टेलच्या ओसरीवर सगळे बसलो. बापाने त्यांच्या तोंडाकडे नीट, निवांत बघितलं, मग मान खाली घातली आणि पोरीला म्हणाला, "तू बघ. ऱ्हायाचं तुला हाये."

आठवडाभर आम्ही सगळ्यांना विचारलं होतं, तिला कोणीच विचारलं नव्हतं. ती पुढे आली. बाहेरून आलेल्या माणसांपुढे आमच्या पोरी एरवी इतक्या सरळ बोलत नाहीत.

"मला कामाला ठेवनार का?"

मी जीभ चावली. त्या बाई रागावल्या नाहीत. "नाही," त्या म्हणाल्या. "पण आपलं ताट आपण घासायचं. मी माझं घासते."

"आन तुमी आजारी पडला तर? तवा कोन घासतं?"

"तसंच पडून राहतं," त्या बाई म्हणाल्या.

"तवा मी घाशीन," पोरगी म्हणाली. "तुमी झोपून ऱ्हायचं."

बाप उठला आणि तिची पेटी आणायला आत गेला.